विटाळ कुणाचा, कुणाला?

सोनई कुठे आली, असं कुणी विचारलं की आम्ही दोन उत्तरं देतो. साखरधंद्यातल्या माणसाला सांगतो, मुळा कारखान्याची सोनई. बाकी सगळ्यांना सांगतो, शनिशिंगणापूरच्या शेजारची. दुसरं उत्तर कधी वाया जात नाही. पत्ता सांगताना आख्खा ग्रह खूण म्हणून वापरायला मिळणं हे भाग्यच म्हणायचं. फक्त शनीच्या बाबतीत 'भाग्य' हा शब्द आमच्याकडे जरा जपून वापरतात.

आमच्या भागात शनी आधी शिळा आहे, मग ग्रह. काळी, माणसाच्या उंचीची, चौथऱ्यावर उघड्यात उभी असलेली शिळा. डोक्यावर छप्पर नाही. तिची गोष्ट अशी सांगतात की ती पुरात वाहत आली, एका गुराख्याने तिला काठी टोचून पाहिली आणि तिच्यातून रक्त आलं. लहानपणी मला ही चमत्काराची गोष्ट वाटायची. आता ती हात लावण्याची गोष्ट वाटते. कुणीतरी सहज, कुतूहलापोटी टोचून बघतं, आणि आपण ज्याला निर्जीव समजत होतो ते दुखावलं जातं.

पण मला लिहायचंय ते आकाशातल्या शनीबद्दल. त्याच्याभोवती तेरा वर्षं फिरून फोटो काढणाऱ्या एका यानाबद्दल, आणि ते यान शेवटी मुद्दाम का जाळलं त्याबद्दल. ते कारण मला गेली काही वर्षं सोडत नाहीये, कारण ते ज्या भाषेत सांगितलं जातं ती भाषा माझ्या गावात मी वेगळ्याच कामासाठी वापरलेली ऐकली आहे.

कॅसिनी १५ ऑक्टोबर १९९७ ला पृथ्वीवरून निघालं आणि २००४ च्या जुलैत शनीभोवतीच्या कक्षेत शिरलं. त्याआधी पायोनियर ११ आणि दोन्ही व्हॉयेजर शनीजवळून गेली होती, पण ती वाटसरू. कॅसिनी राहायला गेलं. त्याच्यावर दोन कॅमेरे होते, एक दुर्बिणीसारखा लांबचं टिपणारा आणि एक रुंद पट्टा घेणारा. दोन्हींचा सेन्सर १०२४ गुणिले १०२४ ठिपक्यांचा, म्हणजे जेमतेम एक मेगापिक्सेल. तुमच्या हातातल्या फोनचा सेल्फी कॅमेराही याच्या कितीतरी पट पुढे असेल. (गंमत म्हणजे फोनमधल्या कॅमेऱ्याची चिप ज्या घराण्यातली आहे, ते घराणंही १९९० च्या दशकात नासाच्या जेपीएलमध्ये, यानांसाठी हलके कॅमेरे बनवायच्या खटपटीत नावारूपाला आलं.) या एक मेगापिक्सेलवाल्या डोळ्यांनी साडेचार लाखांहून जास्त फोटो पाठवले. ते कच्च्या रूपात लगेच सगळ्यांसाठी नेटवर ठेवले जात. आजही कुणीही उतरवून घेऊ शकतं.

फोटो मुळात कृष्णधवल असतात. लाल, हिरवा, निळा असे फिल्टर लावून एकाच दृश्याचे तीन फोटो काढायचे आणि ते एकावर एक ठेवून रंग बसवायचा. कधी अतिनील आणि अवरक्त फिल्टरही वापरतात, म्हणजे डोळ्याला कधीच न दिसणारा फरक रंगात उतरतो. एन्सेलाडस या चंद्राचे निळसर भेगांचे जे फोटो फॉरवर्ड होत असतात, ते या जातीचे. तिथे जाऊन उभं राहिलं तर तो आपल्याला पांढराशुभ्र दिसेल, इतका पांढरा की पडलेला जवळजवळ सगळा प्रकाश तो परत फेकतो.

एन्सेलाडसचा व्यास पाचशे किलोमीटरच्या आसपास. सोनईपासून नागपूरपर्यंत सरळ रेघ ओढली तर साधारण तेवढीच होईल. विल्यम हर्शेलने तो १७८९ मध्ये शोधला, आणि पुढची दोनशे वर्षं तो एक ठिपका होता. २००५ मध्ये कॅसिनीच्या चुंबकमापकाला त्याच्याजवळ काहीतरी खटकलं. मग त्याच वर्षी नोव्हेंबरात कॅमेऱ्याने फोटो घेतले ते सूर्याकडे तोंड करून, चंद्राला मध्ये घेऊन. गळिताच्या हंगामात संध्याकाळी उसाच्या ट्रॉल्या रस्त्याने जातात तेव्हा बघा. सूर्य पाठीशी असेल तर धूळ दिसत नाही. सूर्याकडे तोंड करून उभे राहिलात तर सगळा रस्ता पेटल्यासारखा दिसतो. बारीक कणांचं असंच असतं, उजेड त्यांच्या मागून आला की ते दिसतात. त्या फोटोत चंद्राची कोर होती आणि कोरीच्या खालच्या टोकातून कारंजी उडत होती. पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण. दक्षिण ध्रुवाजवळच्या चार लांबलचक भेगांमधून ते सतत बाहेर पडतात आणि त्यांचंच शनीभोवती एक आख्खं कडं तयार होतं, त्याला ई-कडं म्हणतात.

त्या भेगांना अलेक्झांड्रिया, कैरो, बगदाद, दमास्कस अशी नावं दिली आहेत, कारण एन्सेलाडसवरच्या ठिकाणांना अरेबियन नाइट्समधली नावं द्यायची असा संकेत आहे. बगदादमधून समुद्र उडतोय, हे वाक्य अक्षरशः खरं आहे.

कारण खाली समुद्रच आहे. बर्फाच्या कवचाखाली, चंद्रभर पसरलेला, खारट. कॅसिनी त्या कारंज्यांमधून अनेकदा गेलं, एकदा तर पृष्ठभागापासून अवघ्या ४९ किलोमीटरवरून. सेंद्रिय रेणू सापडले. हायड्रोजन सापडला, म्हणजे तळाशी गरम खडक आणि पाणी यांची काहीतरी प्रक्रिया चालू असावी. २०२३ मध्ये जुन्याच नोंदी पुन्हा तपासताना फॉस्फरसही सापडला. जीव सापडलेला नाही. पण जीवाला लागणारं बहुतेक सामान तिथे आहे.

आणि म्हणून कॅसिनीला मरावं लागलं.

इंधन संपत आलं होतं. संपल्यावर यानाला दिशा देता आली नसती आणि ते भटकत राहिलं असतं. पुढे कधीतरी, शंभर किंवा हजार वर्षांनी, ते एन्सेलाडसवर आदळण्याची बारीकशी शक्यता होती. यानाच्या खाचाखोचांत पृथ्वीवरचे सूक्ष्मजीव झोपलेल्या अवस्थेत असू शकतात. शिवाय वीज बनवायला त्याच्यात तेहेतीसेक किलो प्लुटोनियमचं इंधन होतं, ते वर्षानुवर्षं गरम राहतं. म्हणजे बर्फ वितळवायला ऊब, समोर पाणी आणि सोबत आलेले पाहुणे. हे नको म्हणून २०१७ मध्ये कॅसिनीला शनी आणि त्याच्या कड्यांमधल्या फटीतून बावीस फेऱ्या मारायला लावल्या आणि शेवटी शनीच्या वातावरणात सोडून दिलं. १५ सप्टेंबरला आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली होती तेव्हा सिग्नल तुटला. वार शुक्रवार. शनिवार असता तर आमच्याकडे या बातमीला वेगळंच वजन आलं असतं. खरं तर यान त्याच्या ८३ मिनिटं आधीच संपलं होतं, बातमीला यायला तेवढा वेळ लागला.

शेवटचा फोटो त्याने आदल्या दिवशी काढला. आपण जिथे पडणार त्या जागेचा. तिथे रात्र होती, कड्यांवरून परतलेल्या मंद उजेडात ती जागा दिसते. फोटो म्हणून त्यात फारसं काही नाही. मी मात्र तो जपून ठेवला आहे.

पुढच्या सुट्टीत हे सगळं मी आत्याला सांगत होते. आत्या सोनईतच असते, सातवी शिकलेली, आणि तिला माझ्या फोनमधले 'महाराजांचे' फोटो बघायला आवडतात. कडी बघून तिने विचारलं, हा खरा रंग का? तिचा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, आणि मला तो फार योग्य वाटतो. मग यान का जाळलं हे सांगताना माझ्या तोंडून गेलं, "त्या चंद्राला विटाळ होऊ नये म्हणून."

आत्या म्हणाली, "कुणाचा विटाळ गं? कुणाला?"

'दूषित' म्हटलं असतं तर तिने मान डोलावली असती. मी 'विटाळ' म्हटलं आणि तिने तो शब्द तिथेच धरला. तिने तो जन्मभर अंगावर वागवलाय. महिन्याचे चार दिवस बाजूला बसून वागवलाय. शिंगणापूरच्या चौथऱ्याखाली उभं राहून वागवलाय.

नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी त्या चौथऱ्यावर चढली, दर्शन घेतलं आणि निघून गेली. त्यानंतर चौथऱ्याचं शुद्धीकरण झालं, दुधाचा अभिषेक झाला. मी तेव्हा बारावीला होते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या प्रश्नावर २००० सालीच आंदोलन केलं होतं म्हणे, पण ते मला मोठी झाल्यावर कळलं. दुधाची बातमी मात्र त्याच दिवशी कळली, आणि तिचा अर्थही. ते दूध माझ्यासारखीच्या पावलांवर ओतलेलं होतं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २६ जानेवारीचा मोर्चा वाटेत अडवला गेला, १ एप्रिल २०१६ ला उच्च न्यायालयाने जिथे पुरुष जाऊ शकतो तिथे स्त्रीलाही जाता आलं पाहिजे याची आठवण करून दिली, आणि ८ एप्रिलला, पाडव्याच्या दिवशी, चौथरा बायकांना खुला झाला.

विटाळाचं आमच्याकडचं दुसरं प्रकरण याहून फार भयंकर आहे. जानेवारी २०१३ मध्ये सोनई परिसरात तीन तरुण सफाई कामगारांचा खून झाला. त्यातल्या एकाचं वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतल्या मुलीवर प्रेम होतं. २०१८ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. गावाचं नाव सांगितल्यावर कधीकधी समोरचा गप्प होतो, तेव्हा तो शनीचा विचार करत नसतो. इतरांची घाण साफ करणाऱ्या माणसांच्या सावलीचीसुद्धा ज्या समाजाला शतकानुशतकं भीती वाटत आली, त्याच्याकडे शुद्धतेबद्दल काहीही बोलायचं तर आवाज खाली आणूनच बोललं पाहिजे.

म्हणजे आत्याच्या प्रश्नाचं उत्तर सोपं नाही. अंतराळसंस्था म्हणते: शिवू नका, अशुद्ध होईल. चौथराही म्हणत होता: शिवू नका, अशुद्ध होईल. शब्द तेच. एकाला मी टाळ्या वाजवते आणि दुसऱ्याच्या विरोधात उभी राहते. हे मला चालतंय ते केवळ पहिला नियम इंग्रजीत लिहिला आहे म्हणून तर नाही?

मला वाटतं, फरक कोण कुणाला घाण म्हणतंय यात आहे. चौथऱ्यावरचा नियम करणारे स्वतःला शुद्ध धरतात आणि समोरचीला घाण. नियमाची किंमतही तीच भरते: खाली तीच उभी राहते, दूर तीच बसते. कॅसिनीच्या बाबतीत नियम करणारे म्हणाले की घाण असलीच तर ती आपल्या अंगावर आहे. आणि किंमतही आपणच भरली. चालतंबोलतं यान आपल्या हाताने जाळलं, एन्सेलाडसला काही सोसावं लागलं नाही.

याचा दाखला शोधायला नासापर्यंत जायचीही गरज नाही. ब्रह्मवैवर्त पुराणात गणपतीच्या जन्मानंतर सगळे देव बाळ बघायला येतात, त्यात शनीही येतो. तो मान खाली घालून उभा राहतो. पार्वती विचारते, बघत का नाहीस? तो सांगतो, मला बायकोचा शाप आहे, मी ज्याच्याकडे बघेन त्याचा नाश होईल. पार्वती आग्रह करते, तो डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो आणि बाळाचं मस्तक गळून पडतं. ही गोष्ट आपण शनीच्या वाईट नजरेची म्हणून सांगतो. पण त्याने काय केलं ते बघा. बाळाला माझ्यासमोरून न्या, असं तो म्हणाला नाही. त्याने स्वतःची मान खाली घातली. ज्याच्यात इजा करण्याची ताकद आहे त्यानेच आवरायचं, हा नियम आमच्या गावच्या देवाला पाठ होता. त्याच्या चौथऱ्याला तो कुठे हरवला, कोण जाणे.

इथे माझा मित्र हसतो. तो म्हणतो, नासाला संत करू नकोस. आणि त्याचं बरंच बरोबर आहे. १९६७ च्या अंतराळ करारात इतर ग्रहगोलांना हानिकारक रीतीने दूषित करू नये असं कलम आहे, भारतही त्या करारात आहे. पण ते जपण्यामागे शास्त्रज्ञांचा स्वतःचा मतलबही आहे. उद्या एन्सेलाडसच्या पाण्यात जीवाणू सापडला तर तो तिथलाच, आपल्या फ्लोरिडातून गेलेला नाही, हे सांगता आलं पाहिजे. म्हणजे हे पंचनाम्याआधी जागा न हलवण्यासारखं झालं. पुरावा जपण्यासाठी घातलेली दोरी म्हणजे आदर नव्हे. शिवाय आपण सगळीकडे एवढे सोवळे नाही. टायटनवर २००५ मध्ये हायगेन्स उतरलं. २०१९ मध्ये इस्राएलचं एक यान चंद्रावर कोसळलं, त्यात कुणीतरी जलअस्वलं नावाचे सूक्ष्म प्राणी भरून पाठवले होते. आपणही २००८ मध्ये चांद्रयान-१ मधून तिरंगा रंगवलेला तुकडा चंद्रावर आदळवला आणि पेढे वाटले. तिथे जीव असण्याची आशा नाही, म्हणून कुणाला वाईट वाटलं नाही.

पण एन्सेलाडसवर तरी कोण आहे? मित्राचा खरा प्रश्न हा आहे. कदाचित कुणीच नाही. रिकाम्या घराबद्दल एवढी काळजी कशाला?

यावर मला शिंगणापूरच उपयोगी पडतं. तिथल्या घरांना दारं नसण्याची रीत आहे, शनी राखण करतो म्हणून. २०११ मध्ये निघालेली युको बँकेची शाखासुद्धा बिनकुलपाची म्हणून गाजली. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं ते चोरीच्या अंगाने. मी शेजारची, मला दुसरंच दिसतं. दार नसलेल्या घरात कुणी सरळ आत जात नाही. उलट दार असलेल्या घरापेक्षा जास्त वेळ बाहेर थांबतात, चपला वाजवतात, "आहे का कुणी घरात?" म्हणून हाक मारतात. उत्तर आलं नाही तर परत जातात. घर रिकामं असेल, पण ते आत शिरून ठरवायचं नसतं. कॅसिनीने दारातून हाक मारली, ओट्यावर उडालेलं पाणी चाखलं आणि ते मागे वळलं. त्या वेळी त्याच्या हातात तेवढंच होतं.

यात कॅमेऱ्याचा वाटा मोठा आहे, आणि तो मला सगळ्यात अवघड वाटतो. आपण म्हणतो, फोटो काढल्याने कुणाचं काय जातं? बघणं म्हणजे न शिवणं. पण तो २००५ चा फोटो आला नसता तर कॅसिनीचं मरण बहुधा इतकं जपून आखलं गेलं नसतं. यान निघालं तेव्हा एन्सेलाडसला एवढं जपावं लागेल याची कल्पना नव्हती. एका चित्राने आपल्यावर कर्ज चढवलं. ठिपका होता तोवर त्याचं आपण काही देणं लागत नव्हतो. कारंजी दिसली, आणि लागायला लागलो. दर्शन फुकट नसतं, हे आत्यालाही पटलं. तिच्या मते मात्र त्यासाठी एवढ्या लांब जायची गरज नव्हती.

कधीकधी याची मला चीडही येते. शंभर कोटी किलोमीटरहून लांबच्या, असेल-नसेल अशा जीवाणूसाठी आपण मान खाली घालतो आणि गटारात उतरणाऱ्या माणसाला हातमोजे द्यायला विसरतो. पण म्हणून एन्सेलाडसवरची काळजी खोटी ठरते असं मला वाटत नाही. ती आपल्याला जमते, एवढं तिने दाखवून दिलं. जमत नाही, ही सबब त्यामुळे गेली.

आता पुढची गोष्ट. युरोपीय अंतराळ संस्थेच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये पुढच्या मोठ्या मोहिमेसाठी एन्सेलाडसचं नाव सगळ्यात वर ठेवलं. यान २०४० च्या दशकात निघेल आणि त्याचा एक भाग दक्षिण ध्रुवाजवळ, त्या भेगांच्या शेजारी उतरावा असा विचार आहे. म्हणजे या वेळी शिवायचंच आहे. त्यासाठी नियम असा की आपल्याकडचा एखादा जीव तिथल्या समुद्रात पोचण्याची शक्यता दहा हजारांत एकपेक्षा कमी हवी. १९७० च्या दशकात मंगळावर उतरलेली व्हायकिंग यानं यासाठी ११० अंशांच्या वर कित्येक तास अक्षरशः भाजून काढली होती.

दहा हजारांत एक. लाखात एक का नाही? हजारात एक का नाही? हा आकडा मोजून आलेला नाही, माणसांनी बसून ठरवलेला आहे. आपल्या कुतूहलासाठी दुसऱ्याच्या घराला किती धोका चालेल याचा तो सौदा आहे, आणि त्या सौद्यात समोरची बाजू बोलायला हजर नव्हती. आत्याला मी हा आकडा सांगितला तेव्हा तिने बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. फोन हातात घेऊन ती कारंज्यांचा फोटो दोन बोटांनी मोठा करत राहिली. एक मेगापिक्सेलचा फोटो, फार मोठा होत नाही. थोड्या वेळाने नुसते चौकोन दिसायला लागतात. मग तिने विचारलं, ते दहा हजार कुणी मोजले, आणि त्या बैठकीला बायका होत्या का.